झाडणे, कुजवणे, निवडणे : घरगुती कचरा आणि महाराष्ट्रातील स्वयंसेवक

घरातला कचरा कमी कसा करावा, तो वेगवेगळा कसा ठेवावा आणि त्यातले काय पुन्हा उपयोगात आणता येईल, हे शिकण्यासाठी एकत्र जमणारी मंडळे आज महाराष्ट्रातील बहुतेक शहरांत आढळतात. कुठे ती महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकातून निघालेली असतात, कुठे गृहनिर्माण संस्थेतील निवृत्त मंडळींनी सुरू केलेली असतात, तर कुठे जुन्या महिला मंडळानेच हा नवा विषय हाती घेतलेला असतो. त्यांचा अभ्यासक्रमही थोड्याफार फरकाने सारखाच असतो. आठवडाभर आपल्या घरातला कचरा तोलून नोंद ठेवायची, ओला-सुका वेगळा करायचा, बादलीत खत करून पाहायचे, प्लॅस्टिकचे प्रकार ओळखायला शिकायचे आणि मग शेजाऱ्यांना सांगायला निघायचे. या मंडळांना त्यांच्या कामाचा इतिहास विचारला, तर तो बहुधा २०१४ च्या स्वच्छ भारत अभियानापासून, फार तर २००० सालच्या घनकचरा नियमांपासून सुरू होतो. आम्हांला तो याहून बराच जुना वाटतो. शिवाय त्या इतिहासात एक असा प्रश्न दडलेला आहे, जो खताच्या बादलीपाशी बसून सुटत नाही. तो प्रश्न म्हणजे, कचऱ्याला हात कोणी लावायचा?

प्रस्तुत लेखात या इतिहासाची मांडणी आम्ही तीन क्रियापदांच्या आधारे करणार आहोत. ती तिन्ही आपल्या घरातलीच आहेत : झाडणे, कुजवणे आणि निवडणे.

त्याआधी शब्दांविषयी थोडेसे. आज आपण ज्याला सरसकट ‘कचरा’ म्हणतो, त्याला जुन्या मराठी घरात एक नाव नव्हते. केर, उष्टे, खरकटे, धुवण, राख, शेण, सालपटे, चिंध्या, रद्दी, मोड, निर्माल्य अशी त्याची अनेक नावे होती, आणि प्रत्येक नावाबरोबर त्या वस्तूची पुढची वाटही ठरलेली होती. तांदळाचे धुवण आणि भाजीची देठे गुरांच्या पुढ्यात जात. राख भांडी घासायला लागे. चिंध्यांची वाकळ होई किंवा त्या बोहारणीच्या गाठोड्यात जाऊन त्यांच्या बदल्यात एखादे भांडे घरात येई. फुटक्या तांब्या-पितळेची मोड तांबटाकडे जाई, ‘मोडीत काढणे’ हा वाक्प्रचार त्यातूनच आला. निर्माल्य तुळशीपाशी, झाडाच्या बुंध्याशी किंवा वाहत्या पाण्यात पोचे. उरलेला केर आणि शेण उकिरड्यावर पडे आणि पावसाळ्याआधी शेतात जाई. उकिरड्याचीही दैना बारा वर्षांनी फिटते, असे आपली म्हण सांगते. शेतकऱ्याचा उकिरडा मात्र दरवर्षीच रिकामा होत असे.

हे वर्णन वाचून ‘पूर्वी कचराच नव्हता’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, आणि पुष्कळ मंडळांच्या पहिल्या व्याख्यानात तो काढलाही जातो. तो अर्धाच खरा आहे. जुन्या व्यवस्थेत वस्तूंची विभागणी होती, पण ती उपयोगाइतकीच सोवळ्या-ओवळ्याच्या कल्पनेवर उभी होती. निर्माल्य वेगळे ठेवले जाई ते पवित्र म्हणून, आणि मेलेले जनावर वेगळे काढले जाई ते विटाळाचे म्हणून. ते ओढून नेणे ही गावगाड्याने महारांवर लादलेली सक्ती होती. शहरांतील मैला डोक्यावरून वाहणाऱ्यांची स्थिती याहून बिकट होती. गाव ‘स्वच्छ’ राहत असे, कारण अस्वच्छतेचा सगळा भार ठरावीक माणसांवर जन्माने टाकलेला होता. घरगुती कचऱ्याचा इतिहास लिहिताना ही बाजू गाळली, तर उरते ती केवळ स्मरणरंजनाची कथा.

एकोणिसाव्या शतकात शहरे वाढली तसा उकिरडा घरापासून दूर गेला आणि त्याची जबाबदारी नगरपालिकांकडे आली. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात मैला-सफाईसाठी जो कर होता, त्याचे नाव ‘हलालखोर कर’ असे होते. कष्टाचे, हक्काचे खाणारा तो हलालखोर. शब्दाला असा गौरव आणि शब्दाच्या धन्याला अस्पृश्यता, हा विरोधाभास कायद्याच्या पुस्तकातच नोंदला गेला आहे. पुढे १८९६ मध्ये मुंबईत आणि त्यानंतर पुण्यात प्लेग आला. पुण्यात घराघरांत शिरून झालेल्या तपासण्यांच्या आठवणी कडू होत्या, आणि सार्वजनिक स्वच्छता म्हणजे सरकारी जुलूम असे समीकरण लोकांच्या मनात काही काळ तरी रुजले. दरम्यान मुंबईचा कचरा शहराबाहेर नेण्यासाठी आगगाडीच धावू लागली होती. कुर्ला-चेंबूर हा लोहमार्ग मुळात विसाव्या शतकाच्या आरंभी कचरागाड्यांसाठी टाकला गेला. प्रवाशांसाठी तो १९२४ साली खुला झाला. १९२७ पासून देवनार हे मुंबईच्या कचऱ्याचे ठिकाण झाले. दारातून निघालेला केर आता कुठे जातो हे घरातल्या माणसाला दिसेनासे झाले, आणि अनेक नावांच्या वस्तूंचे मिळून एकच ‘कचरा’ हे नाव पडले. आमच्या मते हा बदल केवळ भाषेचा नव्हता.

याच काळात महाराष्ट्रात हातात झाडू घेतलेला स्वयंसेवक अवतरला. गाडगे महाराजांचे (१८७६–१९५६) नाव या संदर्भात सर्वप्रथम येते. दिवसा खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री त्याच गावात कीर्तन करायचे, हा त्यांचा क्रम होता. कीर्तनात ते श्रोत्यांना साधेसुधे प्रश्न विचारत आणि उत्तरे त्यांच्याच तोंडून वदवून घेत. झाडणे आणि विचारणे ही त्यांच्यापुरती एकच क्रिया होती. परीट जातीत जन्मलेल्या या माणसाने झाडू हाती घेतला, तो कोणावर उपकार म्हणून नव्हे. गावाने स्वतःचा केर स्वतः काढावा हे त्यांना कृतीने दाखवायचे होते. त्यांच्या नावाने महाराष्ट्र शासनाने २०००-०१ मध्ये ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले, तेव्हा त्या अभियानात गावांची स्पर्धा होती, बक्षिसे होती आणि तपासणीला येणारी समितीही होती. गावे झाडली गेली हे खरेच. कीर्तनातील प्रश्नांची जागा मात्र गुणपत्रकाने घेतली.

दुसरे नाव सेनापती बापटांचे. पांडुरंग महादेव बापट (१८८०–१९६७) हे इंग्लंडला जाऊन बॉम्बविद्येची माहिती घेऊन आलेले क्रांतिकारक. पुढे पारनेरला परतल्यावर त्यांनी गावचे रस्ते झाडण्याचे व्रत घेतले. आम्हांला अधिक महत्त्वाची वाटते ती त्यानंतरची गोष्ट. १९२० च्या सुमारास मुंबईत त्यांनी झाडू-कामगारांचे संघटन हाती घेतले. व्रत म्हणून झाडणारा माणूस पोटासाठी झाडणाऱ्यांच्या बाजूने उभा राहिला. स्वयंसेवा आणि श्रमिकांचा हक्क यांची अशी गाठ पुढच्या काळात फार क्वचित पडलेली दिसते.

झाडण्याने रस्ता साफ होतो, पण कचरा नाहीसा होत नाही, फक्त जागा बदलतो. म्हणून दुसरे क्रियापद आले : कुजवणे. या विद्येचा एक अध्याय आपल्या शेजारीच लिहिला गेला. अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला वनस्पती-संशोधन संस्थेत होते. शेतातला पालापाचोळा, शेण, मूत्रमिश्रित माती आणि राख यांचे थर रचून, ढीग ठरावीक काळाने वरखाली करून खत तयार करण्याची पद्धत त्यांनी तेथे बसवली आणि यशवंत वाड या सहकाऱ्यासह १९३१ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे ही पद्धत इंदूरच्याच नावाने जगभर ओळखली गेली. हॉवर्ड स्वतः आपली प्रेरणा पूर्वेकडील शेतकऱ्यांच्या परंपरेत शोधत. उकिरड्याला शास्त्राचे रूप मिळाले ते असे. आज बाल्कनीतल्या बादलीत जे घडते त्याचे तत्त्वही हेच आहे. ओल्या कचऱ्यात नत्र अधिक असते, वाळक्या पानांत कर्ब अधिक, दोन्हींचा मेळ बसला आणि हवा खेळती राहिली की सूक्ष्म जीव आपले काम करतात. दुर्गंधी सुटली तर समजावे की हवा कमी आणि पाणी जास्त झाले आहे. मोठा ढीग पन्नास-साठ अंशांपर्यंत तापतो, आणि ही ऊब म्हणजे तो नीट कुजत असल्याची खूण.

कुजवण्याला सामाजिक प्रयोगाचे रूप दिले ते अप्पासाहेब पटवर्धनांनी (१८९४–१९७१). कोकणचे गांधी म्हणून ओळखले जाणारे अप्पासाहेब १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तेथे त्यांनी भंगीकाम मागितले. सवर्ण कैद्याला ते काम देता येत नाही, अशी तुरुंगाची भूमिका होती. त्याविरुद्ध त्यांनी अन्नत्यागाचा मार्ग धरला, आणि डिसेंबर १९३२ मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपवास आरंभला. मैला साफ करण्याचा हक्क मिळावा म्हणून उपोषण, ही घटना जगाच्या इतिहासातही विरळाच म्हणावी लागेल. पुढे १९४८ मध्ये कणकवलीला त्यांनी गोपुरी आश्रम काढला. मैल्यावर माती, राख, पालापाचोळा टाकून त्याचे सोनखत करणारे संडास, मेलेल्या जनावरांच्या कातड्याचा आणि हाडांचा उपयोग, अशी कामे तेथे सवर्ण कार्यकर्त्यांनी स्वतःच्या हातांनी केली. विटाळ मानलेल्या वस्तूला शेतीची संपत्ती ठरवणे, हा त्यामागचा विचार होता.

मात्र याच विषयाची दुसरी बाजू महाडला मांडली गेली होती. मार्च १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली तेथे भरलेल्या परिषदेत अस्पृश्यांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडावे असे आवाहन झाले, आणि स्पृश्यांनी आपली मेलेली जनावरे स्वतः पुरावीत, असेही सांगितले गेले. पुढे १९४५ च्या आपल्या ग्रंथात बाबासाहेबांनी भंगीकामाच्या गौरवीकरणावर कठोर टीका केली. ज्यांच्यावर हे काम जन्माने लादले आहे, त्यांना ते उदात्त असल्याचे सांगणे म्हणजे त्यांना त्यातच अडकवून ठेवणे होय, हा त्यांचा रोख होता. अप्पासाहेबांचा झाडू आणि महाडचा नकार यांना परस्परविरोधी समजण्याची घाई करू नये असे आम्हांला वाटते. एकाने वरच्या जातींना सांगितले की हे काम तुमचेही आहे, दुसऱ्याने खालच्या मानलेल्या जातींना सांगितले की हे काम तुमचेच नाही. दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी ठरल्याशिवाय प्रश्न सुटत नाही. तरीही एक फरक उरतोच. स्वयंसेवक सकाळी झाडू घेतो आणि दुपारी ठेवून देतो, पण ज्याच्या हाती तो जन्माने आला त्याला ठेवून देण्याची मुभा नव्हती.

स्वातंत्र्यानंतर कुजवण्याच्या विद्येला एक वेगळे वळण मिळाले ते गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांच्यामुळे. १९६० च्या दशकात त्यांनी सुरू केलेल्या ‘प्रयोग परिवारा’त शेतकरी एकमेकांना आपापले प्रयोग सांगत आणि एकमेकांकडून शिकत. तज्ज्ञ आणि अज्ञ अशी उतरंड त्यात नव्हती. सांगली परिसरातील द्राक्षबागायतदारांना त्याचा मोठा लाभ झाला. घरातला ओला कचरा, पालापाचोळा आणि थोडीशी माती यांवर गच्चीत भाजीपाला पिकवण्याची जी नगरशेती पुढे मुंबई-पुण्यात रुजली, तिच्यामागेही त्यांची प्रेरणा मोठी आहे. आजची कचरा-मंडळे ज्या पद्धतीने शिकतात, म्हणजे एकाने बादलीत करून पाहायचे आणि बाकीच्यांनी त्याच्या चुकांवरून आपले प्रमाण ठरवायचे, ती पद्धत या परिवाराचीच आहे, मग त्यांनी दाभोळकरांचे नाव ऐकलेले असो वा नसो.

तिसरे क्रियापद निवडणे. तांदूळ निवडणे, मेथी निवडणे ही स्वयंपाकघरातली रोजची कामे. उपयोगाचे एका बाजूला आणि टाकायचे दुसऱ्या बाजूला करताना डोळा आणि बोट एकाच वेळी चालते. शहराच्या कचराकुंडीपाशी हेच काम करणाऱ्या स्त्रीला आपण ‘कचरा वेचणारी’ म्हणतो. पुण्यातील या स्त्रिया बहुतांश दलित समाजातल्या आहेत, आणि १९७२ च्या दुष्काळाने गावाकडून शहरात लोटलेली अनेक कुटुंबे त्यांत होती. १९९० च्या सुमारास पुण्यात श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातील पौर्णिमा चिकरमाने, लक्ष्मी नारायण आदी कार्यकर्त्या कचरा वेचणाऱ्या मुलींना शिकवण्यासाठी पहाटे कुंड्यांपाशी जाऊ लागल्या. आम्हांला या घटनेत विशेष वाटते ते हे, की शिकवायला गेलेल्यांनी तेथे आधी शिकून घेतले. त्या बायकांची मागणी साधी होती. लोकांनी घरातच सुके वेगळे ठेवले, तर आम्हांला कुंडीत हात घालावा लागणार नाही, माल स्वच्छ मिळेल आणि भावही बरा येईल. मग कार्यकर्त्यांनी कोरेगाव पार्क भागातील घराघरांत जाऊन रहिवाशांना कचरा वेगळा करण्याची विनंती केली. ‘ओला-सुका वेगळा’ या आज सर्वतोमुखी झालेल्या सूत्राचा पुण्यातील एक उगम असा आहे. त्याची सुरुवात पर्यावरणाच्या चिंतेपेक्षा वेचणाऱ्या हातांच्या जखमांतून झाली.

पुढे त्याच वस्तीत एका खासगी वाहनाने कचरा उचलायला आरंभ केला आणि वेचणाऱ्यांची रोजी बुडण्याची वेळ आली. त्या विरोधातून संघटना उभी राहिली. मे १९९३ मध्ये पुण्यात झालेल्या मेळाव्याला आठशेच्या आसपास कचरावेचक आले आणि ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली. मागे बाबा आढावांचा आधार होता, ज्यांनी हमाल पंचायत उभारली आणि १९७२ पासून ‘एक गाव एक पाणवठा’ चळवळ चालवली. पाणवठ्यावरचा विटाळ आणि उकिरड्यावरचा विटाळ एकाच मुळाचा आहे, हे त्यांना वेगळे सांगावे लागले नसेल. पंचायतीने काम सोडा असेही म्हटले नाही आणि काम थोर आहे असेही म्हटले नाही. ओळखपत्र, वजनात फसवणूक न होणे, घरातून वेगळा केलेला कचरा हाती मिळणे, अशा मागण्या तिने मांडल्या. याच वाटेने २००७ साली कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था नोंदली गेली आणि पुढल्या वर्षी पुणे महापालिकेशी तिचा करार झाला. दारोदार जाऊन कचरा घ्यायचा, त्याचे मासिक शुल्क घराकडून मिळवायचे आणि सुक्याच्या विक्रीचे उत्पन्न वेचणारीकडेच राहायचे, अशी ती रचना. मुंबईत याच काळात, १९९८ पासून, स्त्रीमुक्ती संघटनेने कचरावेचक स्त्रियांसाठी ‘परिसर विकास’ हा उपक्रम चालवला. ज्या संघटनेने ज्योती म्हापसेकरांचे ‘मुलगी झाली हो’ गावोगाव नेले, तिला कचऱ्याच्या प्रश्नातही बाईच दिसावी, हे स्वाभाविक होते.

कायदा या सगळ्यांच्या मागून आला. २००० च्या नियमांनी वर्गीकरणाचा उल्लेख केला, २०१६ च्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग करून देणे प्रत्येक घराचे कर्तव्य ठरवले आणि कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्याचेही बजावले. तोवर शहरांबाहेरच्या गावांनी आपली सहनशक्ती संपल्याचे जाहीर केले होते. १९९१ पासून पुण्याचा कचरा झेलणाऱ्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी येथील ग्रामस्थांनी वारंवार गाड्या अडवल्या. जानेवारी २०१६ मध्ये देवनारच्या ढिगाला लागलेल्या आगीचा धूर मुंबईवर पसरला. घरातून दिसेनासा झालेला उकिरडा अशा रीतीने पुन्हा दिसू लागला.

या पार्श्वभूमीवर आजच्या मंडळांनी काय शिकावे? खताची कृती तर शिकावीच. दुधाची पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा पूर्ण तोडू नये, कारण तो चिमुकला तुकडा कोणीच वेचू शकत नाही, हेही शिकावे. पिशवी धुऊन वाळवली तर तिला भाव येतो, आणि आतून चकचकीत थर असलेल्या वेष्टनांना जवळजवळ गिऱ्हाईकच नसते, म्हणून ती घरात आणतानाच विचार करावा. वापरलेला सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, म्हणजे वेचणारीला पुडी उघडून पाहावी लागत नाही. ही सगळी सूत्रे बारकाईने पाहिली, तर लक्षात येते की प्रत्येकामागे दुसऱ्या टोकाला असलेले एक माणूस आहे. ते माणूस नजरेआड झाले की वर्गीकरण हा निव्वळ टापटिपीचा छंद होतो, आणि वेगवेगळे ठेवलेले दोन डबे गाडीत एकत्र ओतले गेले तरी मंडळाला त्याची खबर लागत नाही.

म्हणून आमची सूचना अशी, की अशा मंडळांच्या अभ्यासवर्गात पहिला तास कचरावेचक स्त्रीचा असावा, आणि इतर व्याख्यात्यांना जे मानधन दिले जाते तेच तिला द्यावे. कोणता माल कशात मोडतो, भंगारवाला कुठे वजन मारतो, कोणत्या इमारतीतले लोक कसे वेगळे करतात, ही माहिती तिच्याइतकी कोणत्याही पुस्तकात नाही. दुसरी सूचना घरातली आहे. मंडळाच्या सभेला येणारा आणि घरी प्रत्यक्ष निवडणारा हात बहुधा एक नसतो. सभेत नवरा बोलतो, डबे बायको सांभाळते, आणि दोघेही कामावर असतील तर तो भार घरकामाला येणाऱ्या बाईवर पडतो. तांदूळ निवडण्याचे काम ज्यांच्याकडे होते, त्यांच्याकडेच कचरा निवडण्याचे काम आपोआप गेले आहे. गाडगे महाराज आज कीर्तनाला उभे राहिले असते, तर समोर बसलेल्या स्वयंसेवकांना त्यांनी बहुधा हेच विचारले असते, की बाबांनो, तुमच्या घरातला केर आज कोणी काढला?